दोन टप्प्यांमधला अभ्यास : राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेचा अनुभव

राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, म्हणजे आमच्या शाळेत सगळे जिला ‘एनटीएस’ म्हणत ती परीक्षा, दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी देशातली सर्वांत मानाची समजली जात असे. १९६३ मध्ये दिल्लीपुरती आणि केवळ विज्ञानासाठी सुरू झालेली ही योजना पुढच्याच वर्षी देशभर लागू झाली आणि १९७७ पासून तिच्यात सामाजिक शास्त्रांनाही स्थान मिळाले. पहिला टप्पा राज्याचा असे आणि महाराष्ट्रात तो पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेत असे. त्यातून निवडलेल्या विद्यार्थ्यांची दुसऱ्या टप्प्याची परीक्षा दिल्लीची एनसीईआरटी, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद, घेई. शेवटच्या काही वर्षांत देशभरातून दोन हजार विद्यार्थ्यांना ही शिष्यवृत्ती मिळत होती. उत्पन्नाची कोणतीही अट नव्हती. शेतमजुराचे मूल आणि डॉक्टरांचे मूल एकाच यादीत, केवळ गुणांवर उभे राहत असे. २०१९-२० च्या दहावीच्या तुकडीतली मी या दोन्ही टप्प्यांतून गेले. आमच्या भागातले पालक अजूनही त्याविषयी विचारतात, आणि बहुतेकांचा समज असा असतो की पहिला टप्पा पार केला की दुसरा म्हणजे त्याचीच थोडी अवघड आवृत्ती. तसे नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी, भिलवडीच्या शेजारी. घरी ऊस आणि थोडी हळद. शाळा मराठी माध्यमाची, पण आठवीपासून सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व बाकीचे विषय मराठीतून. आमच्या जिल्ह्यात शिष्यवृत्तीच्या परीक्षांची मोठी परंपरा आहे. तेव्हा पाचवी आणि आठवीला असलेल्या शिष्यवृत्तीसाठी शाळा सकाळी लवकर जादा तास घेत, गुणवत्ता यादीत आलेल्या मुलांची नावे गावातल्या फलकावर लागत, आणि ज्यांच्या घरात कोणी दहावीच्या पुढे गेलेले नव्हते तेही ‘स्कॉलरशिपला बसवा हो सर पोरीला’ असा आग्रह धरत. आठवीत ती शिष्यवृत्ती मला मिळाली होती. त्यामुळे नववीच्या शेवटी आमच्या गणिताच्या सरांनी एनटीएसचा विषय काढला तेव्हा घरी फार समजावून सांगावे लागले नाही.

परीक्षेत दोन पेपर असत. पहिला बौद्धिक क्षमता चाचणीचा आणि दुसरा शालेय क्षमता चाचणीचा. दोन्हींत शंभर प्रश्न आणि प्रत्येकी दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी बहात्तर सेकंद. हा हिशेब सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिला आणि वर्ष संपेपर्यंत तो आमच्या डोक्यातून गेला नाही. बौद्धिक क्षमता चाचणीत संख्यामालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, दिशाबोध, वेन आकृत्या, आरशातील व पाण्यातील प्रतिमा, कागदाच्या घड्या असे प्रकार येत. आठवीपर्यंत ते आम्ही सोडवलेले होते. एनटीएसमध्ये त्यांची खोली वाढे आणि एकाच प्रश्नात दोन-तीन अटी गुंफलेल्या असत.

इथे एक उदाहरण देते, कारण या परीक्षेने काय शिकवले ते त्यातून नीट दिसेल. सरांनी विचारले होते : १५ ऑगस्ट २०१९ रोजी गुरुवार असेल, तर २६ जानेवारी २०२० रोजी कोणता वार येईल? आम्ही सगळ्यांनी मधले दिवस मोजायला घेतले. ऑगस्टचे सोळा, सप्टेंबरचे तीस, ऑक्टोबरचे एकतीस, नोव्हेंबरचे तीस, डिसेंबरचे एकतीस, जानेवारीचे सव्वीस. बेरीज एकशे चौसष्ट, सातने भागल्यावर बाकी तीन, म्हणून रविवार. उत्तर बरोबर होते. सर म्हणाले, ‘‘बरोबर आहे, पण एवढी मोठी बेरीज कशाला? प्रत्येक महिन्यातले पूर्ण आठवडे आधीच काढून टाका आणि उरलेलेच हातात धरा.’’ मग फळ्यावर फक्त दोन, दोन, तीन, दोन, तीन आणि पाच उरले. त्यांची बेरीज सतरा, आणि सतरातून पुन्हा दोन आठवडे काढले की तीन. तेच उत्तर, पण निम्म्याहून कमी वेळात आणि तोंडी. पुढे महाविद्यालयात भागाकारात उरणाऱ्या बाकीचे अंकगणित रीतसर शिकवले गेले तेव्हा मला ते ओळखीचे वाटले, त्याचे मूळ त्या फळ्यावर आहे.

शालेय क्षमता चाचणीत विज्ञानाचे चाळीस, सामाजिक शास्त्रांचे चाळीस आणि गणिताचे वीस प्रश्न. राज्यस्तरासाठी नववी-दहावीची बालभारतीची पुस्तके हाच आमचा आधार होता. दहावीची पुस्तके त्याच्या आदल्या वर्षीच बदललेली होती. भूगोलाच्या नव्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांचा तुलनात्मक अभ्यास होता. इतिहासाच्या पुस्तकात राजे आणि लढाया यांच्याऐवजी इतिहासलेखनाची परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ आणि पर्यटन असे विषय होते. मला ती पुस्तके मनापासून आवडली. पण बहुपर्यायी प्रश्नांसाठी ती वाचणे हे वेगळेच काम होते. धड्याखालच्या स्वाध्यायापुरते वाचून भागत नसे. नकाशाखालची टीप, चौकटीतली माहिती, आलेखाच्या अक्षांवरची एकके, हे सगळे वाचावे लागे. सामाजिक शास्त्रांच्या बाई आम्हाला एका धड्यावर स्वतः प्रश्न तयार करून आणायला लावत आणि चारही पर्याय पटण्याजोगे हवेत असा त्यांचा दंडक होता. चुकीचा पर्याय पटण्याजोगा करण्यासाठी धडा किती बारकाईने कळावा लागतो, हे ज्याने असा प्रश्न तयार केला आहे त्यालाच ठाऊक.

ऑगस्ट २०१९ मध्ये पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी पंचेचाळीस फूट आहे. त्या वेळी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. आमच्या घरात पाणी शिरण्याआधी आम्ही पलूसला मावशीकडे पोहोचलो होतो. पुस्तके माळ्यावर टाकली होती, तरी परत आलो तेव्हा ती ओल धरून फुगली होती आणि विज्ञानाच्या दुसऱ्या भागाची पाने एकमेकांना घट्ट चिकटली होती. आईने रद्दी वर्तमानपत्राचे तुकडे करून एकेका पानाच्या मध्ये घातले, वर पाटा ठेवला आणि दर दोन तासांनी कागद बदलले. पाने सुटली, पण आकृत्यांची शाई समोरच्या पानावर उमटली होती. एका आकृतीवर शेजारच्या पानातला मजकूर उलटा दिसे. शाळेत पूरग्रस्त विद्यार्थ्यांसाठी नवी पुस्तके आली तरी मी त्याच पुस्तकातून अभ्यास केला, कारण समासातल्या माझ्या खुणा त्यात होत्या. शाळा चिखलातून मोकळी होऊन तास पूर्ववत व्हायला वेळ लागला. आमच्या वर्गातल्या काही हुशार मुलांच्या घराच्या भिंती पडल्या होत्या आणि त्यांनी त्या वर्षी एनटीएसचा नाद सोडला. त्यांच्यापैकी दोघे माझ्याहून गणितात पुढे होते, हे इथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. गुणांची यादी खरी असते, पण त्या यादीत कोण बसू शकले नाही हे तिच्यात दिसत नाही.

अर्ज शाळेमार्फत, परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन भरला गेला. त्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही. नाव, जन्मतारीख, प्रवर्ग आणि माध्यम शाळेच्या रजिस्टरप्रमाणे तंतोतंत असावे लागे, एवढे पालकांनी स्वतः पाहून घ्यायचे. नोव्हेंबरमध्ये राज्यस्तराची परीक्षा सांगलीला झाली. दोन्ही पेपर एकाच दिवशी होते. उत्तरपत्रिकेवर वर्तुळे रंगवायची आणि एकदा रंगवलेले वर्तुळ बदलता येत नाही, म्हणून सरांनी आम्हाला सवय लावली होती की प्रश्नपुस्तिकेत एका पानावरचे सगळे प्रश्न सोडवायचे, बरोबर पर्यायाभोवती खूण करायची आणि पान उलटण्याआधी त्या पानाची वर्तुळे एकदमच रंगवायची. प्रत्येक प्रश्नानंतर उत्तरपत्रिकेकडे वळण्यात जो वेळ जातो तो यात वाचतो आणि क्रमांक सरकण्याची भीती राहत नाही. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडायचा नव्हता. परीक्षेनंतर अंतरिम उत्तरसूची जाहीर होई, आक्षेप मागवले जात आणि मग अंतिम सूची येई. दोन्ही पेपरांत स्वतंत्रपणे किमान चाळीस टक्के गुण लागत, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना बत्तीस टक्के. पण ती केवळ पात्रतेची रेषा. प्रत्यक्ष निवड राज्याच्या कोट्यात गुणानुक्रमे होई आणि त्या निवडीची रेषा बरीच वर असे.

राज्यस्तराच्या यादीत माझे नाव आले तेव्हा बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. मार्च २०२० मध्ये पेपर सुरू झाले आणि शेवटचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता. तो करोनामुळे आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून देण्यात आले. भारत-ब्राझीलचा जो अभ्यास मी सर्वांत आवडीने केला होता, त्याची बोर्डाची परीक्षा झालीच नाही. दुसऱ्या टप्प्याची एनटीएस १० मे २०२० रोजी ठरलेली होती. तीही पुढे गेली.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. दुसऱ्या टप्प्याचे स्वरूप तेच होते : तेच दोन पेपर, तेवढेच प्रश्न, तेवढाच वेळ. पण पहिला टप्पा आम्ही ज्या पुस्तकांवर दिला होता ती पुस्तके इथे पुरेशी नव्हती. देशभरासाठी एकच प्रश्नपत्रिका असल्याने शालेय क्षमता चाचणीचा रोख एनसीईआरटीच्या पुस्तकांकडे असे. गणित आणि विज्ञानात फारसा फरक पडला नाही, काही प्रकरणे मागेपुढे होती इतकेच. गुरुत्वाकर्षण आमच्याकडे दहावीला, तिकडे नववीला. सामाजिक शास्त्रांत मात्र जवळजवळ सगळेच नवे होते. तिकडच्या नववी-दहावीच्या इतिहासात फ्रेंच राज्यक्रांती, रशियन राज्यक्रांती, नाझीवाद, युरोपातल्या राष्ट्रवादाचा उदय, औद्योगिकीकरण आणि मुद्रणसंस्कृती. अर्थशास्त्राचे स्वतंत्र पुस्तक. राज्यशास्त्रात सत्तेचे वाटप समजावताना बेल्जियम आणि श्रीलंका यांची उदाहरणे. आमच्या पुस्तकांत यांतले काही तुटक आले होते, काही मुळीच नव्हते. आणि ही पुस्तके मराठीत मिळत नव्हती. ती इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत निघत. सेमी इंग्रजीच्या मुलीने इतिहास आणि राज्यशास्त्र आयुष्यभर मराठीतून शिकलेले असते. ती विज्ञानाचे इंग्रजी सहज वाचते, पण इतिहासाचे इंग्रजी तिला नवे असते, कारण त्यात सूत्र नसते, आकृती नसते आणि एकेक वाक्य चार-चार ओळींचे असते.

एरवीच्या वर्षी काय घडत असे ते लक्षात घ्या. राज्यस्तराचा निकाल, लगेच बोर्डाची परीक्षा, ती मार्चअखेर संपे आणि मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी राष्ट्रीय परीक्षा. केंद्रीय बोर्डाचा विद्यार्थी या पुस्तकांत दोन वर्षे राहिलेला असे. राज्य मंडळाच्या मुलाच्या वाट्याला तीच पुस्तके पहिल्यापासून वाचायला साधारण सहा आठवडे येत. शहरातले खासगी वर्ग ही तयारी नववीपासून करून घेत. भिलवडीला किंवा जतला तसे वर्ग नव्हते. आमची परीक्षा लांबली आणि अखेर १४ फेब्रुवारी २०२१ रोजी झाली. सर्वांसाठी संकटाचे ठरलेले ते नऊ महिने माझ्या अभ्यासासाठी मात्र अशी मोकळीक घेऊन आले की जी माझ्या आधीच्या कोणत्याही वर्षीच्या मुलाला मिळालेली नव्हती. माझ्या निवडीत त्या वेळेचा वाटा मोठा आहे, अशी माझी खात्री आहे.

मिरजेच्या आतेभावाकडे केंद्रीय बोर्डाची जुनी पुस्तके होती; टाळेबंदी थोडी सैल झाल्यावर वडिलांनी ती आणली. तोवर मी संकेतस्थळावर मोफत मिळणाऱ्या प्रती वडिलांच्या फोनवर वाचत होते. पद्धत अशी ठरवली : एक प्रकरण आधी केवळ गोष्ट म्हणून सलग वाचायचे, अडलेल्या शब्दांसाठी थांबायचे नाही, दुसऱ्यांदा वाचताना परिच्छेदाचे सार वहीत मराठीत लिहायचे, आणि तिसऱ्यांदा वही मिटून त्याच परिच्छेदावर इंग्रजीत प्रश्न तयार करायचे, बाईंच्या दंडकाप्रमाणे चारही पर्याय पटण्याजोगे. युरोपातल्या राष्ट्रवादासाठी भिंतीवर एक पट्टी लावली होती : १८१५ व्हिएन्ना परिषद, १८४८ फ्रँकफर्टची संसद, १८६१ इटलीचे राज्य, १८७१ व्हर्सायच्या राजवाड्यात जर्मन साम्राज्याची घोषणा. धाकटा भाऊ जेवताना ती मोठ्याने वाचे, त्यामुळे ती त्यालाही पाठ झाली. बाई फोनवर आठवड्यातून एकदा माझे प्रश्न तपासत. ‘‘अगं, हा पर्याय कोण निवडेल? बदल तो,’’ असे त्या म्हणत आणि मला तो धडा पुन्हा उघडावा लागे.

भूगोलात एक वेगळाच आनंद मिळाला. मृदांच्या प्रकरणात काळ्या रेगूर मातीचे वर्णन होते : ओल धरून ठेवते, ओली झाल्यावर चिकट होते, उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि त्या भेगांतून माती खेळती राहते, म्हणून पहिल्या पावसानंतर लगेच मशागत करावी लागते. मी ते वाचून दाखवल्यावर वडील म्हणाले, ‘‘हे आपल्या मळीच्या रानाचंच लिहिलंय की.’’ त्या प्रकरणातला एकही प्रश्न माझा पुढे कधी चुकला नाही.

जुलैअखेर दहावीचा निकाल लागला, सांगलीत अकरावी विज्ञानाला प्रवेश झाला आणि ऑनलाइन तास सुरू झाले. अकरावीचा अभ्यास आणि एनटीएसचा अभ्यास यांची ओढाताण झाली खरी. सकाळ अकरावीला आणि रात्र एनटीएसला अशी वाटणी करून ती निभावली. फेब्रुवारीत आदल्या दिवशी वडिलांबरोबर पुण्याला मामाकडे गेले. केंद्रावर मुखपट्टी, तापमानाची तपासणी आणि बाकांमध्ये अंतर. सकाळी बौद्धिक क्षमता, दुपारी शालेय क्षमता. बौद्धिक क्षमतेचा पेपर राज्यस्तरापेक्षा लांबलचक वाटला. आकृत्यांच्या प्रश्नांपाशी मी मुद्दाम शेवटी आले, कारण ते मला हमखास येत आणि थकल्यावरही त्यांत चूक होत नसे. दुपारच्या पेपरात सामाजिक शास्त्रे आधी सोडवली. नऊ महिन्यांपूर्वी जी वाक्ये मला दोनदा वाचावी लागत होती, तशी वाक्ये मी त्या दिवशी एका दमात वाचत होते, आणि हे मला पेपर सोडवतानाच जाणवले.

त्याच वर्षी पुढे निकाल लागला आणि निवड झाली. शिष्यवृत्तीची रक्कम अकरावी-बारावीसाठी दरमहा १,२५० रुपये, पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये. मूलभूत विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि वाणिज्य या शाखांत ती पीएच.डी.पर्यंत मिळू शकते, तर अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयसारख्या व्यावसायिक शाखांत पदव्युत्तर पातळीपर्यंत. त्यासाठी महाविद्यालयाच्या प्रमुखांच्या सहीने कागदपत्रे पाठवावी लागतात. ती मुदतीत जातात की नाही हे विद्यार्थ्यानेच पाहायचे असते. पुण्यात संख्याशास्त्राच्या पदवीला असताना माझा मेसचा खर्च या रकमेतून भागत असे. घरून येणारे पैसे त्यामुळे भावाच्या शिक्षणाकडे वळवता आले.

माझ्यानंतरच्या तुकडीची राष्ट्रीय परीक्षा २४ ऑक्टोबर २०२१ रोजी झाली आणि त्यानंतर ही परीक्षा झालेली नाही. योजनेला ३१ मार्च २०२१ पर्यंतच मंजुरी होती, आणि सध्याच्या स्वरूपात ती पुढे चालवण्यास मान्यता न मिळाल्याने ती पुढील आदेशापर्यंत स्थगित आहे. मला याचे मनापासून वाईट वाटते. ती पुन्हा सुरू व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि सुरू होताना दोन टप्प्यांमधले अंतर वाढवावे, तसेच राष्ट्रीय टप्प्याला लागणारी पुस्तके प्रादेशिक भाषांत द्यावीत. केवळ प्रश्नपत्रिका मराठीत देऊन भागत नाही. ज्याने अभ्यासच दुसऱ्या भाषेत केला आहे, त्याला मराठी प्रश्नपत्रिकेचा कितीसा उपयोग?

सध्या आमच्या भागातल्या आठवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे एनएमएमएस, हीच मोठी संधी आहे. तिला पालकांच्या उत्पन्नाची साडेतीन लाखांची मर्यादा आहे आणि नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. दोन्ही पेपरांत नव्वद प्रश्न आणि नव्वद मिनिटे, म्हणजे इथे एका प्रश्नाला साठच सेकंद. सुट्टीत गावी आले की मी आमच्याच शाळेत या मुलांचा बुद्धिमत्तेचा तास घेते. महिन्यांच्या बाक्या काढण्याची सरांची रीत त्यांना पहिल्या तासाला शिकवते आणि दुसऱ्या तासापासून प्रश्न त्यांनाच तयार करायला लावते.